मापाची खुर्ची

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. शुक्रवार पेठेत अण्णाराव नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याचं दुमजली घर होतं. खाली अण्णाराव आणि त्यांची बायको महादेवी राहत. वरच्या दोन खोल्यांत रुक्मिणीबाई सोवनी राहत. त्या मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि चाळिशी ओलांडून गेल्या होत्या. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं, तेव्हा त्या परकर नेसण्याच्या वयात होत्या. थोरल्या भावानं घरच्यांशी भांडून त्यांचे केस राखले, पुण्याला नेऊन शिकवलं आणि ट्रेनिंग कॉलेजात घातलं. तो भाऊ गेला. भावजय मुलांना घेऊन कोकणात माहेरी निघून गेली. तेव्हापासून रुक्मिणीबाईंना नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. शाळेत त्या मोठ्या बाई होत्या आणि पेठेत शाळेच्या बाई. लोक मान देत आणि रस्त्यात बाजूला सरून वाट करून देत.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांचे गुडघे धरले. जमिनीवर बसलं की उठताना भिंतीचा आधार लागू लागला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, "खाली बसणं बंद. खुर्ची वापरा. पण पाय लोंबकळत ठेवू नका, सूज चढेल."

घरात शाळेतलीच एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर तासभर बसलं की पाठ दुखे. बाजारात कापडी आरामखुर्च्या मिळत. वकील-डॉक्टरांच्या ओसरीवर असतात तशा, लांब हातांच्या, ज्यांवर पुरुष माणसं तंगड्या टाकून वर्तमानपत्र वाचतात. नऊवारी नेसलेल्या बाईनं त्यात बसायचं कसं, हा प्रश्नच होता. रुक्मिणीबाई एका दुकानात जाऊन उभ्याउभ्याच ती खुर्ची पाहून परत आल्या.

मग त्यांना एक जुनी बैठक आठवली. त्यांचे वडील मिरजेकडच्या एका जहागीरदारांकडे कारकून होते. तिथल्या दिवाणखान्यात पेशवाईतलं एक बसायचं आसन होतं. ठेंगणं, ऐसपैस, गोल कातलेल्या पायांचं. तिन्ही बाजूंना बारक्या खांबांचा बुटका कठडा आणि आत जाड गादी. जहागीरदार त्यात मांडी घालून बसत, कंटाळा आला की एक पाय सोडत, पुन्हा वर घेत. लहान रुक्मिणी वडिलांना डबा द्यायला जाई तेव्हा दारातून ते बघत राही. तसं काहीतरी असलं तर मांडी घालता येईल, पाय वरही घेता येतील आणि उठताना खाली वाकावं लागणार नाही.

बाळी वेशीजवळ वीरभद्रप्पा सुतारांचं दुकान होतं. गिरण्यांच्या साहेबांच्या बंगल्यांतले कोच तेच दुरुस्त करत. एका रविवारी सकाळी रुक्मिणीबाई तिथं गेल्या. वीरभद्रप्पा रंधा मारत होते. त्यांनी हात थांबवला आणि बाईंचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं.

"म्हंजे खालनं जुनी बैठक आन वरनं साहेबाची खुर्ची," ते म्हणाले. "पाठ जरा मागं कलती ठेवू. आत स्प्रिंगा घालू, वर काथ्या, त्याच्यावर कापूस. कठडा ठेवू, पण हात टेकतील असा. व्हईल की. कुणासाठी करायची? साहेब केवढे हायत?"

"साहेब कुणी नाही. माझ्यासाठीच."

वीरभद्रप्पांनी रंधा बाजूला ठेवला. "मग माप घ्यायला पायजे. अशी खुर्ची मापाशिवाय न्हाई जमत. बसल्यावर पाठ कुटं टेकतीय, गुडघा कुटं येतोय..." एवढं बोलून ते थांबले आणि आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी कानडीत हाक मारली.

आतून त्यांची बायको आली. उंच, हाडापेरानं मजबूत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. तिचं नाव शांतम्मा. गाद्या भरायचं आणि शिवायचं काम तीच करी. वीरभद्रप्पांनी तिला काय हवं ते सांगितलं आणि स्वतः विडी ओढायला बाहेर गेले.

"हितं बसा बाई," शांतम्मा म्हणाली आणि तिनं एक रुंद फळी दोन ठोकळ्यांवर टाकली. "घाला मांडी. जेवडी व्हतीय तेवडी. जोर करू नका."

रुक्मिणीबाई बसल्या. शांतम्मानं सुतळीचा तुकडा घेतला. एक टोक फळीला लावलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा रुक्मिणीबाईंच्या कमरेवर मागून सपाट टेकवला.

रुक्मिणीबाई ताठ झाल्या.

गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी गुडघा दाबला होता, तोही लुगड्यावरून, दोन बोटांनी. दुसऱ्या बायकांचे हात कासार तरी बांगड्या भरताना धरतो. कुणी कुंकू लावतं, कुणी वेणीत फूल माळतं, लेकरं अंगावर चढतात. रुक्मिणीबाईंच्या वाट्याला यातलं काही नव्हतं. शाळेतल्या मुली पाया पडत, पण पायांपासून वीतभर अंतरावर जमिनीला हात लावून.

"सैल सोडा की," शांतम्मा म्हणाली. "अशा ताट बसला तर खुर्ची बी ताट व्हईल."

तिनं पाठीवर हात तसाच राहू दिला. थोड्या वेळानं रुक्मिणीबाईंचे खांदे आपोआप खाली आले. शांतम्मानं सुतळीला गाठ मारली. मग खांद्यापर्यंत माप घेतलं, गाठ मारली. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत घेतलं. कोपर धरून वाकवलं, हात कुठं टेकेल ते पाहिलं. तिचे हात खरखरीत होते आणि उबदार होते. काम झाल्यावर ती सुतळी गुंडाळत म्हणाली, "झालं बाई."

रुक्मिणीबाईंना लगेच उठता आलं नाही. गुडघे धरले असतील असं समजून शांतम्मानं काखेत हात घालून त्यांना उठवलं.

घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला. तो उतू गेला.

खुर्ची दिवाळीच्या आधी तयार झाली. सागवानाची, ठेंगण्या गोल पायांची, आणि हातमागावरच्या जाड विटकरी कापडानं मढवलेली. हातगाडीवरून आली तेव्हा जिन्यातून वर जाईना. वीरभद्रप्पांनी वाकडी करून पाहिली, आडवी करून पाहिली. शेवटी गॅलरीतून दोर सोडून ती वर ओढून घ्यावी लागली. अर्धी पेठ बघायला जमली.

"बाई, पाहुणे येणार वाटतं?" अण्णारावांनी खालून विचारलं.

"नाही. मलाच बसायला आहे."

महादेवीनं दाराआडून पाहिलं आणि ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ काही कामानिमित्त वर आले. घरात दुसरी बरी जागा नसल्यानं रुक्मिणीबाईंनी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः लाकडी खुर्ची घेतली. गृहस्थ उंच होते. त्यांचे गुडघे छातीशी आले. मागं रेलावं तर डोकं खुर्चीच्या पाठीच्या वर राहायचं. ते जरा वेळ चुळबुळले, मग हसून म्हणाले, "छान आहे. पण एकट्या माणसाला एवढा थाट म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते गेल्यावर कापडाला तपकिरीचा वास राहिला. रुक्मिणीबाईंनी दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढत ओढत गॅलरीत नेऊन उन्हात ठेवली.

खुर्ची चांगलीच झाली होती. पाठ हवी तिथं टेके, कोपर हवं तिथं येई. संध्याकाळी शाळेतून आलं, मुलींच्या वह्या मांडीवर घेतल्या की तास कसा जाई ते कळत नसे. पण वह्या संपल्यावर मोठाच वेळ उरे. पूर्वी पाठ दुखे, गुडघे ठणकत, त्या दुखण्याशीच संध्याकाळ सरे. आता काहीच दुखत नव्हतं. खालून महादेवीच्या भांड्यांचा आवाज येई, गिरणीचा भोंगा होई, रस्त्यानं पाळीवरून परतणारी माणसं बोलत जात. आणि रुक्मिणीबाई पाय वर घेऊन बसलेल्या असत.

मग एकदा गादी खरंच बसली. कापूस दबून एका बाजूला खळगा पडला. त्यांनी शाळेच्या शिपायाकरवी निरोप पाठवला आणि शांतम्मा आली. तिनं शिवण उसवली, कापूस पिंजून परत भरला, टाके घातले. मग म्हणाली, "बसून बगा." रुक्मिणीबाई बसल्या. शांतम्मानं पाठीमागं हात घालून गादी चाचपली. "हितं टेकतीय? आन हितं?"

"टेकतेय," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी पुन्हा निरोप पाठवला. खुर्चीचा उजवा हात टोचतो, असं सांगितलं. शांतम्मा आली, हात फिरवून पाहिला, एक बारीक खिळा ठोकून आत बसवला. खरं तर तो आधीच आत होता. आणखी काही दिवस गेले आणि पाठीला काहीतरी लागतं, असा निरोप गेला.

त्या वेळी शांतम्मानं हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. ती स्वतः खुर्चीत बसली. मागं रेलली, इकडं सरकली, तिकडं सरकली. खिडकीतून ऊन येत होतं. रुक्मिणीबाई समोर उभ्या होत्या, वर्गात पाठ न आलेल्या मुलीसारख्या.

"खुर्चीत काय न्हाय, बाई," शांतम्मा म्हणाली.

रुक्मिणीबाईंना तिच्याकडं बघता येईना. "असेल. मलाच वाटलं असेल."

"सोमवारी आमी हत्यार धरत न्हाई," शांतम्मा सावकाश म्हणाली. "दुकान बंद असतंय. मी सोमवारी येत जाऊ का? सांजच्याला?"

"कशाला?"

"बसायला." मग ती स्वतःशीच हसल्यासारखी झाली. "माज्या घरी अकरा माणसं हायत. सासू, दीर, जावा, पोरं. दिसभर कुणी ना कुणी हाका मारतंय. हितं लई गप हाय. मला बरं वाटलं हितं."

रुक्मिणीबाई म्हणाल्या, "या."

त्यानंतर शांतम्मा दर सोमवारी येऊ लागली. कधी पदरात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणी. रुक्मिणीबाई चहा करत. दोघी फार बोलत नसत. शांतम्मा भिंतीला टेकून डोळे मिटून बसे, कधी कधी तिला तिथंच झोप लागे. एकदा ती एरंडेल घेऊन आली आणि काही न विचारता रुक्मिणीबाईंचा पाय मांडीवर घेऊन तिनं गुडघ्याला तेल चोळलं. पहिल्या वेळी रुक्मिणीबाई अवघडून गेल्या, नको नको म्हणाल्या. पुढच्या सोमवारी त्यांनी स्वतःच वाटी कोमट करून ठेवली. तेल चोळून घेता घेता त्या भावाबद्दल बोलत. तो कसा भांडला, पुण्याच्या गाडीत बसताना त्यानं काय सांगितलं, शेवटच्या आजारात त्याला किती खोकला होता. शांतम्मा "व्हय" म्हणे, नाहीतर कानडीत "हौदु" म्हणे, आणि चोळत राही.

असं वर्ष गेलं. पुढच्या संक्रांतीनंतर, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात, शांतम्मा आली आणि तेलाची वाटी हातात घेऊन नुसतीच बसली.

"थोरल्या पोराला हुबळीला काम लागलंय," ती म्हणाली. "रेल्वेच्या कारखान्यात. डब्यांची बाकं करायची. यांना बी घेनार हायत. आमी चाललो, बाई. समदीच न्हाई, आमी चौघं."

रुक्मिणीबाईंच्या मांडीवर वह्या होत्या. त्यांनी एक उघडली. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "सरकारी काम. पेन्शन मिळेल पुढं." आणि त्या वही तपासू लागल्या. शांतम्मानं तेल चोळलं आणि ती गेली. ती गेल्यावर रुक्मिणीबाईंच्या ध्यानात आलं की एका मुलीचं बरोबर आलेलं गणित त्यांनी खोडून टाकलं होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी शाळेत रजा टाकली. इतक्या वर्षांत ताप असतानाही त्यांनी रजा घेतली नव्हती. क्लार्कनं दोनदा विचारलं. हुबळीची गाडी होटगीला बदलावी लागे. स्टेशनवर पोचवायला म्हणून गेलेल्या रुक्मिणीबाईंनी खिडकीवर होटगीचं तिकीट काढलं आणि त्या त्यांच्याबरोबर डब्यात चढल्या.

"तुमी कुटं, बाई?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"होटगीपर्यंत येते. काम आहे."

होटगी फार लांब नव्हती. डब्यात गाठोडी, भांडी, एक पिंप, हत्यारांची पेटी. शांतम्मा आणि रुक्मिणीबाई खिडकीशी दाटीनं बसल्या होत्या, खांद्याला खांदा लागत होता. दोघीही बाहेरची ज्वारी बघत राहिल्या. होटगीला पलीकडच्या फलाटावर लहान रुळांची गाडी उभीच होती. सामान चढवण्यात वेळ गेला. शांतम्मा डब्याच्या दारात उभी राहिली, रुक्मिणीबाई खाली.

कितीतरी बोलायचं मनात होतं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "गुडघ्याला तेल लावत जाईन मी."

"आपल्या हातानं जोर येत न्हाय," शांतम्मा म्हणाली. "दुसऱ्याकडनं लावून घ्या." तिनं वाकून रुक्मिणीबाईंचा हात धरला. गाडी हलली तेव्हा रुक्मिणीबाई चार पावलं बरोबर चालल्या. गुडघ्यांना त्यापुढं जमलं नाही.

सोलापूरची गाडी यायला बराच अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन रडवेली होऊन बसली होती. रुक्मिणीबाईंना पाहताच ती तेलुगूत भराभर बोलू लागली. त्यांना त्यातला "सोलापुरम्" एवढाच शब्द कळला. ती चुकून एक स्टेशन आधी उतरली होती. मुलगा तिकडं वाट बघत असणार. मागावर काम करणारा असेल, तिच्या लुगड्याच्या काठावरून तसं वाटत होतं.

"हे होटगी," रुक्मिणीबाईंनी हातवारे करून सांगितलं. "सोलापूर पुढं. मी तिकडंच जातेय. मी नेते तुम्हाला."

म्हातारीला काय कळलं कोण जाणे, पण तिनं रुक्मिणीबाईंचं मनगट घट्ट धरलं आणि ती शांत झाली. दोघी बसून राहिल्या. ऊन रुळांवर चमकत होतं. मग रुक्मिणीबाईंनी बोलायला सुरुवात केली. "आत्ता जी गाडी गेली ना, तीत माझी मैत्रीण होती," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. मग खुर्चीचं सांगितलं, मापाचं सांगितलं, न टोचणारा हात टोचतो म्हणून पाठवलेला निरोप सांगितला. 'चांगलं झालं' म्हणून आपण वही उघडली, ते सांगताना त्यांना रडू आलं. म्हातारी त्यांच्या तोंडाकडं बघत होती आणि मधूनमधून होकारार्थी मान हलवत "अवुनम्मा, अवुनम्मा" म्हणत होती.

सोलापूरच्या फलाटावर म्हातारीचा मुलगा घाबराघुबरा धावत आला. त्यानं आईला धरलं, मोडक्या मराठीत दहा वेळा उपकार मानले आणि तिला घेऊन गेला. रुक्मिणीबाई टांगा करून घरी आल्या.

पुढचा सोमवार आला. शाळा सुटल्यावर त्यांनी तेल कोमट केलं. ते वाटीत घेऊन त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग एकदम, विचार न करता, कठड्याला धरून एक एक पायरी उतरत त्या खाली गेल्या. इतक्या वर्षांत महादेवीच्या दारात भाडं द्यायलाच काय त्या गेल्या असतील.

महादेवी तांदूळ निवडत होती. दारात रुक्मिणीबाईंना वाटी घेऊन उभ्या पाहून ती लगबगीनं उठली.

"महादेवी, जरा काम होतं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "हे तेल..."

"तेल संपत आलं व्हय? मग वरनंच हाक मारायची की बाई, जिना कशाला उतरला?" असं म्हणत महादेवीनं त्यांच्या हातातली वाटी घेतली, आत जाऊन काठोकाठ भरून आणली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं धरली. "आनखी लागलं तर सांगा. संकोच करू नका."

"बरं," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

तेल सांडू नये म्हणून त्या फार हळू जिना चढल्या. वर येऊन खुर्चीत बसल्या, पाय वर घेतला आणि स्वतःच गुडघा चोळू लागल्या. खाली महादेवी परत तांदूळ निवडायला बसली होती, सुपाचा आवाज येत होता. उद्या पुन्हा जायचं, असं रुक्मिणीबाईंनी ठरवलं. आणि या वेळी वाक्य पुरं करायचं.